बिछायतवाल्यानं केलेलं कॅम्प मॅनेजमेंटचं ट्रेनिंग : रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन

निर्वासितांची छावणी सुरक्षित कशी उभारायची आणि ती पुढे वर्षानुवर्षं कशी चालवायची, याचं ट्रेनिंग नागपुरात वर्धा रोडच्या बाजूला एका संस्थेनं ठेवलं होतं. शुक्रवार ते रविवार, फी साडेतीन हजार, त्यात दोन टाइम चहा आणि दुपारचं जेवण. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो मोकळा होईल : पैसे वसूल आहेत, पण ते सगळेच्या सगळे शनिवारी वसूल होतात. शुक्रवार थोडा कापला असता तर चाललं असतं आणि रविवारी दुपारचा विषय, ज्याच्यासाठी मी मुख्य गेलो होतो, तो पार गुंडाळला. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण खाली बऱ्याच शिव्या आहेत आणि मला याच शहरात धंदा करायचा आहे.

मी बिछायत केंद्रवाला. लग्न, तेरवी, सभा, भागवत सप्ताह, जिथं चार माणसं बसायची असतात तिथं आमचे पाइप आणि सतरंज्या. मग तुमचं इथं काय काम, असं रजिस्ट्रेशनच्या टेबलावरच्या पोट्ट्यानं विचारलंच. अरे भाऊ, आफत आली की फोन कोणाला जातो? २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये येऊन बसली, तेव्हा गाद्या, ताडपत्र्या, जनरेटर कुठून आले? आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात त्यांच्यासाठी जे मंडप, नळ, टेम्पररी संडास उभे राहतात ते पण कोणीतरी हातानंच उभे करते ना. तर मंडप कसा उभा करायचा हे शिकायला मी गेलोच नव्हतो. मंडपात माणसं दोन-चार दिवस नाही तर सहा महिने, सहा वर्षं राहिली तर काय काय बिघडते, ते मला पाहायचं होतं.

जागेबद्दल लवकर संपवतो. हॉल एसी, खुर्च्या चांगल्या, प्रोजेक्टर दर अर्ध्या तासानं बंद. दहाचा टाइम होता, उद्घाटन साडेअकराला, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, ज्यांचा सत्कार झाला ते सत्कार घेऊन निघून गेले. जेवण बाकी एक नंबर होतं, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, ठेचा, कोणी उपाशी राहिला असं म्हणू शकत नाही. पण संडास! आतमध्ये सर स्लाइडवर सांगू राहिले की छावणीत वीस माणसांमागे एक संडास पाहिजे, आतून कडी पाहिजे, लाइट पाहिजे, आणि बाहेर लेडीज टॉयलेटची कडी तुटलेली, एक ताई आत गेली की दुसरी दाराला पाठ लावून उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, सुतळी बांधून दिली. सुतळी! कडीला पन्नास रुपये लागत असतील.

शुक्रवारचा बहुतेक भाग इतिहास आणि मोठ्या मोठ्या छावण्यांच्या गोष्टी. शिकवणारे सर स्वतः बांगलादेशात आणि जॉर्डनमध्ये काम करून आलेले, त्यामुळे बोलणं पुस्तकी नव्हतं, पण मध्येच व्याख्या, मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांची आद्याक्षरं, त्यात जेवणानंतरचा टाइम, अर्धा हॉल डुलत होता. दोन गोष्टींना मात्र सगळे जागे झाले. एक गोमाची. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून लाखो लोक काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आताच्या काँगोतल्या गोमा शहराजवळ आले. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, तिथं ना संडासाचा खड्डा खणता येई ना मेलेल्या माणसासाठी कबर. लोक किवू सरोवराचं पाणी तसंच प्यायले, कॉलरा पसरला, त्यामागून रक्ती हगवण, आणि पहिल्या महिन्यात जवळपास ५०,००० माणसं गेली. बंदुकीतून वाचून आलेली माणसं पाण्यानं मेली. सर म्हणाले, आज मोजमापाचे जे नियम तुम्ही शिकणार आहात ते बऱ्यापैकी या धक्क्यातून आले, १९९७ ला स्फिअर नावाचं काम सुरू झालं आणि एका माणसाला किमान पाणी किती, जागा किती, संडास किती हे एकदाचं लिहून काढलं.

दुसरी गोष्ट आपल्याकडचीच. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक भारतात आले, बंगालमध्ये बनगावच्या छावणीत कॉलरा, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी करून ड्रममध्ये भरलं, ड्रमला तोटी लावली आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तोपर्यंत शंभरात तीस जात होते, ते चारच्या आत आले. तेच हे ओआरएस, ज्याची पुडी आपण मेडिकलमधून आणतो आणि विसरून जातो. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाला २०२३ ला, ते गेल्यानंतर. माझ्या शेजारी मेडिकल कॉलेजच्या दोन सिस्टर बसल्या होत्या, त्यांनाही बनगावचं हे माहीत नव्हतं, एक म्हणाली आम्हाला प्रमाण पाठ करून घेतलं, माणूस कोणी सांगितलाच नाही.

आता शनिवार. हॉलच्या मागच्या मोकळ्या मैदानात सकाळी सातला बोलावलं, टेप, खुंटे, दोरी, फक्कीचं पोतं आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब दिली आणि सांगितलं, हजार माणसं संध्याकाळी येऊन राहिली, आखा. चार गट केले. माझ्या गटात एक तलाठी, एका नगरपंचायतीचा ज्युनिअर इंजिनिअर, एक आशा ताई आणि सोशल वर्कचे दोन पोट्टे.

पहिला झटका जागेचा. लग्नात आम्ही माणशी दहा चौरस फूट धरतो, हजार माणसाला दहा हजार फूट, विषय संपला. छावणीत माणशी ४५ चौरस मीटर लागते, म्हणजे ४८० चौरस फुटाच्या वर! कारण त्यात रस्ते, नाल्या, संडास, पाण्याची जागा, दवाखाना, शाळा, आगीसाठी मोकळा पट्टा, घरामागचा भाजीपाल्याचा तुकडा, सगळं येते. हजार माणसाला साडेचार हेक्टर, म्हणजे अकरा एकर. या सोयी छावणीच्या बाहेर मिळत असतील तर ३० चौरस मीटरवर भागते. छताखाली माणशी साडेतीन चौरस मीटर, पाच माणसाच्या कुटुंबाला साडेसतरा, आमच्या हिशेबानं बारा बाय सोळा फुटांचा तंबू. ज्युनिअर इंजिनिअर म्हणाला, साहेब, अकरा एकर कोण देते, आम्हाला शाळेच्या दोन खोल्या मिळतात. सर म्हणाले, बरोबर आहे, म्हणूनच आकडा माहीत पाहिजे, कमी जागा मिळाली तर नेमकं काय कमी पडून राहिलं आणि त्याचा त्रास कोणाला होणार हे तरी कलेक्टरसमोर सांगता येते. हे मला पटलं.

मग पाणी. माणशी रोज किमान १५ लिटर, हजार माणसाला पाच हजार लिटरचे तीन टँकर. २५० माणसांमागे एक नळ. मी विचारलं २५० च काहून, ३०० काहून नाही. तर त्याचा हिशेब आहे, तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर येते, २५० लोकांचे १५ लिटर म्हणजे ३७५० लिटर, ते सोडायला आठ तासांच्या वर नळ चालू राहतो, आणि बाईमाणसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त लाइनीत उभं ठेवायचं नाही. नळ कोणत्याच घरापासून ५०० मीटरच्या पुढे नको. हे असं कारणासकट सांगितलं की डोक्यात बसते, नाहीतर आकडा म्हणजे टेंडरमधली एक ओळ. पाण्याचं प्रॅक्टिकल पण करून घेतलं : टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून अर्ध्या तासानं क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब, पिवळा रंग किती येते ते पाहायचं, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. आशा ताई हे गावात करतच असतात, त्यामुळे या भागाला त्याच आमच्या गुरू. टँकरमध्ये बरोबर असून उपयोग नाही, घरातल्या मडक्यात तपासा, असं त्यांनीच सांगितलं आणि सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. आपल्या शहरात पाणी आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्था आहे, तिथलं कोणी अर्धा तास बोलायला आणलं असतं तर किती बरं झालं असतं, पण नाही आणलं.

संडास आखताना खरी मजा आली. हजाराला पन्नास. घरापासून ५० मीटरच्या आत, विहीर-बोअरपासून ३० मीटर लांब, आणि खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्याच्या वर दीड मीटर. सोशल वर्कच्या पोट्ट्यांनी पन्नासच्या पन्नास एका कोपऱ्यात ओळीनं मांडले, कागदावर एकदम सुबक. आशा ताई तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, रात्री दोन वाजता इथं कोण येईन बाप्पा? मी तर नाही येत, आणि माझ्या पोरीला तर मी पाठवणारच नाही." सर काहीच बोलले नाही, फक्त तिच्या हातात फक्कीचं घमेलं दिलं. तिनं चार-चार कुटुंबांमागे एक असे पसरवले, बायकांचे वेगळे, वाटेवर दिवा कुठं, कपडे धुवायची आणि पाळीचे कपडे वाळवायची आडोशाची जागा कुठं, सगळं फक्कीनं दाखवलं. चार-पाच माणसांची चार कुटुंबं म्हणजे वीसाचा हिशेब आपोआप बसला आणि ज्याचा संडास तोच साफ ठेवते हा फायदा वेगळा. कॉमन असला की कोणाचाच नसतो, हे आम्हाला मंडपाच्या मागं दर कार्यक्रमात दिसते.

आता माझी तक्रार, आणि ही मी तिथंही केली. खड्ड्यांचे सगळे फोटो रेताड जमिनीचे. अहो, विदर्भात काळी माती आहे! काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पावसात ती फुगते, उन्हात हातभर भेगा पडतात, शोषखड्डा म्हणून जे खणाल ते जुलैमध्ये तळं होऊन वर येते. तंबूचा खुंटा मे महिन्यात घणाला दाद देत नाही आणि पावसाळ्यात बोटानं निघून येते. आम्ही अशा ठिकाणी मुरमाचा भराव टाकतो, खुंट्याऐवजी पाण्याचे ड्रम नाहीतर रेतीच्या गोण्या बांधतो. सर म्हणाले बरोबर, अशा जमिनीवर संडास उंचावर घ्यायचा, खड्ड्याला रिंग टाकायची किंवा खाली टाकी ठेवून ती उपसायची. मग ती उपसायला सेप्टिक टँकची गाडी किती दिवसांनी येणार आणि तिचे पैसे कोणत्या हेडमधून? यावर हॉलमधले सगळे सरकारी लोक एकदम शांत. माझ्या मते या एका प्रश्नावर पूर्ण तास घ्यायला पाहिजे होता, कारण पन्नास संडास उभे करायचं बिल सगळे काढतात, ते रिकामे करायचं बिल कोणाच्याच लक्षात नसते.

उन्हाचं पण तसंच. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते आणि स्लाइडवर आयकियाच्या फाउंडेशनच्या पैशातून तयार झालेलं ते घडीचं घर, साडेसतरा चौरस मीटरचं, चार जण काही तासांत जोडतात, दरवाजाला कुलूप लागते, सोबत सोलर दिवा. दरवाजाला कुलूप ही मोठी गोष्ट आहे, तंबूत ती सोय नाही, मान्य. पण त्याच्या एवढ्याशा खिडक्या पाहून मी विचारलं, मे महिन्यात दुपारी आत कोण बसेल. आमचा देशी उपाय सांगितला : वर हिरवी नेट, खाली ताडपत्री, मध्ये वीतभर हवा खेळती, कनात खालून हातभर वर. तो उपाय सरांनी वहीत लिहून घेतला, म्हणजे पुढच्या बॅचला कदाचित स्लाइडवर येईल.

आग हा विषय सगळ्यात चांगला शिकवला. २२ मार्च २०२१ ला बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या कुटुपालोंग छावणीत आग लागली, १५ जण गेले आणि सुमारे ४५,००० लोक एका दिवसात बेघर झाले. बांबू आणि प्लास्टिकच्या झोपड्या एकमेकींना खेटून, आणि तारेच्या कुंपणामुळे लोकांना बाहेर निघायला अडचण झाली असं वाचलेल्यांनी सांगितलं. नियम असा की दोन झोपड्यांमध्ये कमीत कमी दोन मीटर, जमलं तर झोपडीच्या उंचीच्या दुप्पट, आणि दर ३०० मीटर वस्तीनंतर ३० मीटरचा मोकळा पट्टा. आम्ही चुन्यानं तो पट्टा आखला आणि सरांनी विचारलं, सहा महिन्यांनी इथं काय असेल? तलाठी लगेच बोलला, "पानठेला." सगळे हसले पण उत्तर तेच आहे, मोकळी जागा मोकळी राहत नाही, म्हणून त्या पट्ट्यात पोरांचं खेळाचं मैदान द्या नाहीतर आठवडी बाजार बसवा, रात्री उठून जाणारं काहीतरी, म्हणजे लोकच ती राखतात. वायरिंगवर मी माझं दहा मिनिटांचं भाषण दिलं, आकडे टाकून लाइट घेतली की काय होते, जॉइंटला टेप नसली की काय होते, लोड वाढला की आपोआप लाइट तोडणारी एमसीबी काहून लावायची. त्याबद्दल फी कमी केली नाही.

रविवारी सकाळी नाटक होतं, नोंदणीचं. आपले तलाठी भाऊ टेबलावर, सिस्टर निर्वासित बाई बनून आली, सोबत दुसऱ्याचं पोरगं. तलाठी भाऊ सवयीनं म्हणाले, "आधार कार्ड दाखवा." हशा पिकला. सरांनी नाटक थांबवलं, त्यांना हसायला येत नव्हतं. म्हणाले, घर जळलं म्हणून पळून आलेल्या बाईला पहिला प्रश्न हा विचारला तर ती पोरगं घेऊन मागच्या मागे निघून जाईन. तलाठी भाऊ पण चिडले, "मग मी नोंद कशाच्या आधारावर करू, उद्या ऑडिट मलाच आहे ना." दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि ही चर्चा पूर्ण ट्रेनिंगमधली सगळ्यात जिवंत. निघालं असं की आधी तोंडी माहिती, कुटुंबात किती जण, सोबतचं लेकरू स्वतःचं की वाटेत सापडलेलं, म्हातारं कोण, गरोदर कोण, अपंग कोण, मग टोकन, मग रेशन, कागदपत्रांचं नंतर. आणि रेशनकार्ड शक्यतो घरातल्या बाईच्या हाती. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे कोणाला कोणता दर्जा हे प्रत्येक लोंढ्यामागे वेगळं ठरत आलं, हे पण इथंच कळलं, आणि तलाठी भाऊंची काळजी उगाच नाही हे सरांनीच कबूल केलं.

आणि मग रविवार दुपार. विषय : शाश्वत छावणी. वेळ : दीड तास होता, पाऊण तासात उरकला कारण सर्टिफिकेट वाटायला पाहुणे येऊन बसले होते.

हाच तर माल होता ना! केनियातलं दादाब १९९१ ला उघडलं, ९०,००० लोकांसाठी, काही काळासाठी म्हणून, आणि २०११ च्या दुष्काळात तिथं चार लाखांच्या वर लोक होते. छावणी काही काळासाठी असते हे उभारणारा धरून चालतो, राहणाऱ्याची पोरं तिथंच जन्मतात, तिथंच त्यांची लग्नं होतात. जॉर्डनमधलं झातारी २०१२ ला उघडलं, तिथं आज शहरासारखा बाजार आहे, लोकांनी सरकारी ओळीतल्या केबिन ओढून आपल्या नातेवाइकांशेजारी नेल्या, मध्ये अंगण केलं, कॉमन संडास नको म्हणून घरात स्वतःचे केले, शेवटी छावणीवाल्यांनीच घराघरात पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन टाकली. २०१७ ला तिथं १२.९ मेगावॉटचा सोलर प्लांट झाला, आधी संध्याकाळचे काही तास वीज होती ती बारा-चौदा तासांवर गेली. कॉक्स बाजारला लोक जळणासाठी जंगल तोडू राहिले होते, टेकड्या उघड्या पडून पावसाळ्यात दरडी, त्यात छावणी हत्तींच्या वाटेवर बसलेली, हत्ती घुसून माणसं दगावली, मग मचाणं बांधून निर्वासितांचीच पथकं पहाऱ्याला लावली आणि २०१८ पासून घरोघर गॅस सिलिंडर दिले तेव्हा लाकूडतोड उतरली. बांबूचं ऐकून तर मी खुर्चीत पुढे सरकलो : घाईत आणलेला कच्चा बांबू वर्षभरात भुंग्यानं पोखरला, मग बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून ट्रीट करायचे प्लांट टाकले. गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू आपल्या दारात आहे, याचं प्रमाण किती, किती दिवस भिजवायचं, खर्च काय, हे विचारायला हात वर केला तर सूत्रसंचालन करणारी म्हणते सर प्रश्न शेवटी. शेवट आलाच नाही, पाहुणे आले.

आणि आपली उदाहरणं? एकही नाही! याच नागपुरात जरीपटका आहे, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेला. तिकडं कल्याणजवळच्या लष्करी बराकीत ठेवलेले सिंधी लोक १९४९ ला उल्हासनगर झाले आणि आजही तिथं पत्ता विचारला तर कॅम्प नंबर सांगतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वस्ती आहे, हिवाळ्यात आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो, शेती करतात, शाळा आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावंच्या गावं, ताज्या मासळीचा बाजार पाहून कळते आपण कुठं आलो. जमीन दिल्यावर काय झालं, धंद्याला परवानगी मिळाल्यावर काय झालं, आजूबाजूच्या मूळ गावकऱ्यांशी कुठं जुळलं आणि कुठं खटके उडाले, हे सगळं दोन-तीन तासांच्या गाडीच्या अंतरावर पाहता येते. एक बस करून रविवारी गोठणगावला नेलं असतं, एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारलं असतं पहिल्या पावसाळ्यात काय केलं, तर त्या सोलरच्या स्लाइडपेक्षा जास्त कळलं असतं. यजमान गाव हा शब्द सरांनी चार वेळा वापरला, म्हणजे ज्या गावाशेजारी छावणी बसते त्या गावालाही पाणी, दवाखाना, रोजगार यात वाटा पाहिजे नाहीतर भांडण ठरलेलं. पण त्या गावच्या सरपंचाची बाजू मांडायला तिथं कोणीच नव्हतं.

साहित्याबद्दल : फाइल जाडजूड, छपाई मस्त, सगळी इंग्रजीत. बोलणं मराठी-हिंदीत, वाचायला इंग्रजी. आशा ताईनं फाइल तिथंच मला दाखवून विचारलं भाऊ यातलं नळाचं पान कोणतं, आम्ही त्यावर पेनानं मराठीत लिहून दिलं. निदान आकड्यांचं एक पान मराठीत काढा ना, झेरॉक्सला दोन रुपये लागतात, शाल-श्रीफळातून निघतील. सर्टिफिकेट जाड कागदाचं आहे, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे, दुरुस्त करून कुरिअर करतो म्हणाले.

कोणी जावं? नगरपंचायत, ग्रामपंचायतीचे लोक, तलाठी, आरोग्यवाले, आणि माझ्यासारखे बिछायत, केटरिंग, टँकर, जनरेटरवाले तर नक्कीच, कारण ऑर्डर आम्हालाच येते आणि साहेब लोक फोनवर फक्त "शंभर तंबू टाका" एवढंच सांगतात. आता मी उलटा विचारतो, माणसं किती, किती दिवस, उतार कोणत्या बाजूला, पाणी कुठून आणि संडासाची गाडी कोण पाठवणार. मागच्या आठवड्यात एका साहेबांना हे विचारलं तर ते म्हणाले तुम्ही भाव सांगा हो. भाव सांगितला, त्यात दोन मीटरचं अंतर धरून जागा जास्त लागेल हे पण लिहून दिलं, बघू काय करतात. फक्त सीव्हीत टाकायला सर्टिफिकेट पाहिजे असेल तर ऑनलाइन स्वस्तात मिळतात, इथं पैसे घालू नका. दीड स्टार कापला तो अर्धा कडीचा, अर्धा इंग्रजी फाइलचा आणि अर्धा रविवार दुपारचा, खरं तर रविवारचा पूर्ण कापायला पाहिजे होता पण वांग्याची भाजी मध्ये आली.

पुढची बॅच पावसाळ्याआधी आहे म्हणतात. शनिवारी टोपी, दुपट्टा आणि स्वतःचा टेप घेऊन जा, तिथला टेप तीस मीटरचा आहे आणि पहिला फूट तुटलेला आहे. ताई लोकांनी शक्य असेल तर एक छोटी कडी आणि दोन स्क्रू पर्समध्ये ठेवा.